नियमवाले सर

नियमवाले सर आकाशाकडे कधी बघायचे नाहीत. लातूरच्या आमच्या कॉलेजवरून एखादं हेलिकॉप्टर गेलं, म्हणजे कुणी पुढारी येणार असला की जायचंच, तर अख्खा वर्ग खिडकीकडे धावायचा. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. आवाज विरला की हातातला खडू बोटांत फिरवत म्हणायचे, "झालं बघून? वर काही नसतंय बघा. वर जे दिसतंय ते सगळं आधी खाली ठरलेलं असतंय. बसा खाली." हा माणूस आम्हाला विमान वाहतुकीचं व्यवस्थापन शिकवायला आलेला. पहिल्या दिवशी आम्ही तोंडावर ओढण्या आणि वह्या धरून हसलो होतो.

मी अहमदपूरची. वडिलांचं मोंढ्यात किराणा दुकान. लातुरात शिकवणी लावून दोनदा नीटची परीक्षा देऊन झाली होती आणि दोन्ही वेळा डॉक्टर होण्याइतके गुण पडले नव्हते. लातुरात माणसाला नाव नंतर विचारतात, आधी गुण विचारतात. तिसऱ्यांदा बसायची हिंमत नव्हती आणि घरी परतायची लाज वाटत होती. "आता काय करायलीस तू तिथं?" वडील फोनवर विचारायचे. "काहीतरी एक धर, न्हाईतर घरी तरी ये." त्याच आठवड्यात कॉलेजच्या फाटकावर नव्या अभ्यासक्रमाचा फलक दिसला. लाल गणवेशातली एक मुलगी चाकांची बॅग ओढत हसत होती. मी तिच्याकडे बघून प्रवेश घेतला. वर्गातल्या निम्म्या मुली तिच्याकडेच बघून आल्या होत्या, आणि मुलांना तर वैमानिकच व्हायचं होतं. विमान कंपनी चालवायला हिशेब आणि कायदा लागतो, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. सर तेच शिकवायचे, म्हणून ते नियमवाले सर.

पन्नाशी ओलांडलेले, उदगीरच्या लिंगायत कापडवाल्यांच्या घरातले. कपाळावर भस्माच्या बारीक रेषा, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. फोनवर भावाशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी सीमेवरच्या मराठीत. मुंबईत एका विमान कंपनीत त्यांची बरीच वर्षं गेली होती. सरकारचे नियम कंपनीत पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या खात्यात ते होते. ती कंपनी बंद पडल्यावर ते इकडे आले. बायको मुंबईतच, बँकेत नोकरीला. लातुरात खोली घेऊन एकटेच राहायचे.

शिकवताना ते कायम यष्टीपासून सुरुवात करायचे. "समज, तुझी अहमदपूर-लातूर गाडी मधेच बंद पडली. ड्रायव्हर काय करतो?"

"कडेला घेतो, सर."

"आणि वर? वर कड असते का?"

"नाही, सर."

"न्हाई. म्हणून वरच्या सगळ्या कडा आधीच खाली आखून ठेवाव्या लागतात. त्यालाच नियम म्हणायचं. दुसरं काही न्हाई त्यात."

मग या कडा एकेक करून ते फळ्यावर मांडत. कंपनी काढायला परवाना कुणी द्यायचा, कुठल्या मार्गावर कुणी उडायचं, गर्दीच्या विमानतळावर उतरायची वेळ कशी मिळते, वैमानिकाला दोन उड्डाणांमध्ये किती झोप मिळालीच पाहिजे, उशीर झाला तर प्रवाशाला जेवण कधी द्यायचं. लहान गावाला विमान का सुरू होतं आणि काही महिन्यांत का बंद पडतं, हे त्यांनी नांदेड-लातूरच्याच उदाहरणावरून असं समजावलं, की त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रातली तसली बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. दोन वर्षं जीवशास्त्र डोक्यात शिरलं नव्हतं आणि हे शिरत होतं.

बाकीच्यांना मात्र हे रुचेना. कुणी फार्मसीला गेलं, कुणी पुण्याला, एक जण निलंग्याला वडिलांच्या दुकानात बसला. दुसऱ्या वर्षी आम्ही पाच-सहा जण उरलो आणि तिसऱ्या वर्षी मी एकटी. कॉलेजने मोठी खोली काढून घेतली, आम्हाला ग्रंथालयामागची लहान खोली दिली. सर तिथेही पहिल्या बाकापासून शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात शिकवायचे. मला अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा मी म्हणालेच, "सर, मी एकटीच आहे. बसून सांगा ना."

"एकटीच हायस म्हणून तर," ते म्हणाले. "तुला ऐकू न्हाई गेलं तर कुणाला जाणार?"

दुपारी सर आणि मी एकाच खानावळीत जेवायचो. भोवती सगळी नीटवाली पोरं, ताटाशेजारी उघडी पुस्तकं, वरणाचे डाग पडलेले प्रश्नसंच. कुणी कुणाशी बोलत नसे. सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि समोरच्या खुर्चीवर स्वतःची बॅग नीट उभी करून ठेवायचे. मी सुरुवातीला दूर बसायचे. सरांसोबत एका टेबलावर कसं जेवायचं? पण एकदा जागाच नव्हती, तर त्यांनी बॅग उचलली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बस. रिकामी खुर्ची समोर असली की घास उतरत न्हाई, म्हणून ठेवतो ती बॅग," असं म्हणून जरा ओशाळल्यासारखे हसले. जेवताना मुंबईहून फोन यायचा. "हो, जेवतोय. हो. बरं, ठेवू?" इतकंच बोलणं. फोन ठेवल्यावर ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून थोडा वेळ बसायचे.

दुसऱ्या वर्षी ते आम्हाला नांदेडचा विमानतळ दाखवायला घेऊन गेले होते. नेमकं त्या दिवशी विमान रद्द झालं. लोक काउंटरवर तुटून पडले. उमरीचं एक म्हातारं जोडपं लेकीच्या बाळंतपणाला निघालं होतं, ते तर रडकुंडीला आलेलं. आम्हाला वाटलं, आता सर पुढे होणार आणि प्रवाशांचे हक्क खणखणीत आवाजात सांगणार. सर हलले नाहीत. "काउंटरवरच्या पोरीकडं बघा," ते हळूच म्हणाले. "विमान तिनं रद्द केलं का? पण सगळा गाव तिच्यावर ओरडायलाय. ती काय काय बोलती, नीट ऐका." ती मुलगी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, पैसे परत मिळतील किंवा दुसऱ्या दिवशीची जागा मिळेल, आणि सांगताना तिचा आवाज कापत होता. म्हाताऱ्या जोडप्याची दुसऱ्या दिवशीची जागा पक्की झाली तेव्हा सर पाण्याची बाटली घेऊन गेले आणि काउंटरवरच्या त्या मुलीपुढे ठेवून आले.

परतीच्या यष्टीत सर माझ्या शेजारी बसले. बाकीचे कानात तारा घालून पेंगत होते. लोहा मागे पडल्यावर ते आपणहून बोलायला लागले. त्यांच्या कंपनीत एकदा एका वैमानिकाला नियमाप्रमाणे झोप मिळाली नव्हती. विमान लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेलं. वरचे साहेब म्हणाले, तासाभराचं तर उड्डाण आहे, सही करा. सरांनी सही केली नाही. वऱ्हाड तिथेच अडकलं, मुहूर्त टळला, वर्तमानपत्रात कंपनीला शिव्या पडल्या.

"मग, सर?"

"मग काही न्हाई. तीच तर गोष्ट हाय. मी थांबवलं म्हणून काही झालं न्हाई. आणि जे झालंच न्हाई, ते लोकांना दाखवायचं कसं? 'बघा, हे विमान पडलं न्हाई,' असं सांगता येतंय का कुणाला?" ते खिडकीबाहेर बघत होते. "त्या दिवसापासून मला कुणी चहाला बोलवलं न्हाई. दोन वर्षं मी एकटाच चहा प्यालो तिथं. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, सगळे करतात ते तुम्हालाच का जड जातं."

मी काही बोलणार, तेवढ्यात कंडक्टरने अहमदपूर म्हणून आरोळी दिली. मी घरी जायला उतरले. गाडी हलली तेव्हा सरांनी माझ्या रिकाम्या सीटवर त्यांची बॅग उचलून ठेवलेली खालून दिसली.

शेवटच्या परीक्षेनंतर कॉलेजने अभ्यासक्रम बंद केला. सर वाणिज्य शाखेला हिशेब शिकवायला लागले. मला नांदेडच्या विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर नोकरी लागली. सांगायला फोन केला तर म्हणाले, "लोक शिव्या देतील. देऊ दे. मधेमधे पाणी पीत जा." पुढे वर्षभर आमचं बोलणं कमी कमी होत गेलं. मी कामात, आणि ते काही स्वतःहून फोन करणारे नव्हते.

आणि एका सकाळी ते माझ्या काउंटरसमोर आले. चाकांच्या खुर्चीत. तोंडाची डावी बाजू खाली ओढलेली, हात मांडीवर निपचित. शर्ट मात्र पांढरा, इस्त्रीचा. खुर्चीमागे एक थकलेल्या चेहऱ्याच्या बाई उभ्या होत्या. "लातूरला लकवा मारला," त्या म्हणाल्या. "कालच दवाखान्यातून सोडलं. मुंबईला घरी नेतेय." मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थबकल्या. "तूच का ती अहमदपूरची? तुझ्याबद्दल बोलायचे हे. रात्रीच्या फोनवर दुसरं काही सांगायचेच नाहीत."

मी सरांना हाक मारली. त्यांनी मला ओळखलं, एवढं डोळ्यांवरून कळलं. त्यांच्या तोंडून शब्द येत नव्हते.

लकवा मारून थोडेच दिवस झालेल्या माणसाला डॉक्टरचं पत्र असल्याशिवाय विमानात घेता येत नाही. हे मला सरांनीच शिकवलं होतं, ग्रंथालयामागच्या खोलीत, उभं राहून. काकूंकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे, दवाखान्याचे कागद होते, पण प्रवासाला हरकत नाही असं पत्र नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या काउंटरवरचा सहकारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वर फोन लावूच नकोस. लावलास की ते न्हाई म्हणणार. तुझेच सर हायत ना? बसव गपचूप. तासाभराचा तर प्रश्न हाय."

मी फोन लावला. कंपनीच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि नाही म्हणाले.

"अगं, मी यांना पुन्हा कुठं घेऊन हिंडू?" काकूंचा आवाज फुटला. "इथं माझं कोण आहे? त्यांची विद्यार्थिनी ना तू?" मागची रांग कुरकुरायला लागली. मी वाकून सरांना म्हणाले, "सर, मला नाही सोडता येत." त्या क्षणी सरांच्या डोळ्यांत मला शाबासकी दिसली, असं लिहायला आवडलं असतं. दिसली नाही. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि त्यांनी मान फिरवली. एका आजारी माणसाला घरी जायचं होतं, आणि मी त्याला अडवलं होतं.

मी रजा टाकून त्यांच्यासोबत बाहेर पडले. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं, विमान काही दिवस नकोच म्हणाले, आडवं झोपवून रेल्वेने न्या म्हणाले. स्टेशनवर हमालाच्या मदतीने सरांना डब्यात निजवलं. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. गाडी सुटली तशी मी फलाटावर उभी राहिले. खोलीवर येऊन दरवाजा लावला, आणि मग रडले.

पंधरवड्याने मी धीर करून काकूंना फोन केला. त्या तुटकपणे म्हणाल्या, "बरे आहेत. बोलता येत नाही अजून." मग म्हणाल्या, "त्यांच्या कानाला लावते, बोल." मी सांगत सुटले, आज धुक्यामुळे विमान उशिरा उतरलं, एका आजीने लोणच्याच्या बरणीवरून सुरक्षा तपासणीत केवढा दंगा केला, हैदराबादची फेरी बंद होणार म्हणतात. पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. मग दर रविवारी फोन करायला लागले. काकू फोन त्यांच्या कानाशी धरायच्या आणि मी आठवडाभराचं सगळं सांगायचे. सर ऐकत असतील की झोपत असतील, मला कधीच कळलं नाही.

एका रविवारी काकू म्हणाल्या, "अगं, गुरुवारी गेले ते."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मुंबईच्या त्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. आता या नंबरावर पुन्हा फोन करायचं कारण उरलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. काकूंनी घसा साफ केला.

"आज धुकं होतं का गं नांदेडला?"

"होतं, काकू."

"मग? विमान उतरलं का?" त्या म्हणाल्या. "सांग की. मी ऐकतेय."