अँटिबॉडीशिवाय रंगलेली स्लाइड

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही असंच म्हणतो... पण हे कुठेतरी सांगायलाच हवं.

मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहतो, वय बावन्न. जवळच्या एका लॅबमध्ये टिश्यूचे पातळ काप रंगवतो. कापावर अँटिबॉडी घालायची, ती टी पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींना चिकटते, मग रंग दिला की फक्त त्या पेशी तपकिरी दिसतात. सोबत त्याच पेशंटची दुसरी स्लाइड असते, तिच्यावर अँटिबॉडी घालायची नाही. ती कोरीच राहायला हवी.

गेल्या वर्षी एका पेशंटचे शेवटचे दोन काप उरले होते. ट्यूमरमध्ये टी पेशी दिसल्या तरच त्याला ट्रायलमधलं औषध मिळणार होतं. स्लाइड्स रंगवून पाठवल्या आणि आवरताना फ्रिज उघडला — अँटिबॉडीची नवी बाटली सीलबंद. जुनी आदल्याच दिवशी संपली होती. म्हणजे अँटिबॉडी ज्यात मिसळायची ते बफरचं पाणीच मी दोन्ही स्लाइडवर नुसतं घातलं होतं.

कबूल करायला नेहाकडे गेलो. नेहा आमची पॅथॉलॉजिस्ट, माझ्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली. ती मायक्रोस्कोपवर वाकलेली होती.

"काका, फॉर वन्स तुमचं बॅकग्राउंड क्लीन आहे. नको तिथे रंग नाही."

"काय दिसतंय?"

"टी सेल्स. लॉट्स ऑफ देम. बघा ना."

बघितलं. ट्यूमरच्या आत, कडेला, सगळीकडे तपकिरी पेशी. दुसरी स्लाइड कोरी. दोन्हींवर तेच बफर, तोच रंग, तेवढाच वेळ.

बोललो असतो तर रिपोर्ट रद्द झाला असता, आणि टिश्यू संपलेला. 'अँटिबॉडी घातली' या ओळीपुढे मी सही केली. पेशंटसाठी गप्प बसलो असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर नोकरीसाठी.

औषध सुरू झालं. लागू पडलं नाही तर ते अपायही करतं, हे मला माहीत होतं. चार महिने तो पेशंट नंबर डोक्यातून गेला नाही. शेवटी एका दुपारी डबा खाताना नेहाला सगळं सांगितलं. ती जेवण टाकून उठली, स्लाइड काढून पुन्हा पाहिली, मलाही दाखवली. पेशी होत्या तशाच होत्या.

"काका, मला हे रिपोर्ट करावं लागेल."

"कर."

तिने स्लाइड मायक्रोस्कोपवरून काढून हातात घेतली. "पण मग मी सही कशावर केली?"

मला त्या कामावरून काढलं, ते योग्यच झालं. पेशंटच्या ट्यूमरचा नवा तुकडा काढला, तो दुसऱ्या कुणी रंगवला. निकाल मला विचारता येत नाही, नेहा सांगत नाही.

त्या स्लाइडवर रंग कशाने धरला, मला आजही कळलेलं नाही. धरला नसता तर त्याच दिवशी मी खरं बोललो असतो... निदान तसं वाटतं.