कंप्यूटर नाही, मी सांगते

“कंप्यूटर नाही सांगत, मामा. मी सांगते.”

हे वाक्य ती दिवसभर म्हणायची. म्हणताना मधलं बोट वाकवून मॉनिटरच्या डोक्यावर टक टक मारायची, आपण बाजारात नारळ वाजवून बघतो तसं. समोरचं गिऱ्हाईक दचकून मागे सरकायचं. तेव्हा आमच्या तंजावुरात कंप्यूटर ही चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती. त्याला टपल्या मारणारी बाई आम्ही कुणी पाहिली नव्हती.

दुकान बस स्टँडच्या मागे. बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘कंप्यूटर जातकम’. जन्माची तारीख, वेळ, गाव सांगायचं, घरचा पत्ता द्यायचा आणि कॉफी पिऊन होईपर्यंत छापील पत्रिका हातात. आतला प्रोग्रॅम तिने लिहिलेला. त्यासाठीच मालकाने तिला नोकरीवर ठेवलं होतं. राजवाड्याच्या मागल्या गल्लीतली, आपल्याच मराठी घरातली पोर, कॉलेजात गणित शिकलेली. एरवी अर्धं तमिळ बोलायची, पण भांडायला लागली की मराठी एकदम स्वच्छ व्हायची.

माझा ऑटो त्या दुकानासमोर उभा असायचा. मी चौथीत शाळा सोडली. शाळेने मला सोडलं असं काही लोक म्हणतात, ते खोटं आहे. हे लिहितोय ती अक्षरं वडिलांनी भिंतीवर कोळशाने गिरवून शिकवली. आमचे पूर्वज इथल्या मराठा राजांच्या पागेत होते. घोडे गेले, तीन चाकं आली, पण लगाम अजून आमच्याच हातात आहे.

तिची आणि मालकाची जोडी बघण्यासारखी होती. नवरात्रातल्या आयुधपूजेला मालकाने कीबोर्डला हौसेने चंदन फासलं. दुसऱ्या दिवशी निम्मी बटणं चिकटली. ती काडीला कापूस गुंडाळून एकेक बटण साफ करत बसली आणि शेजारी पेरूच्या फोडी, मीठ-तिखट लावलेल्या. मालक म्हणाला, “मशीनपाशी खाऊ नकोस.” ती म्हणाली, “तुम्ही त्याला न्हाऊ घातलंत, मी जेवू घालते.”

एक बाई विचारत होत्या, “कंप्यूटर काय म्हणतो, माझा मुलगा पास होईल?” ही म्हणाली, “त्याला अभ्यासाला बसवा. हे कंप्यूटर नाही, मी सांगते.” मालकाने कपाळावर हात मारला.

आता माझ्या मुलीचं सांगतो. तिला पापनाशमचं एक स्थळ आलं. मुलगा तिथेच शाळेत मास्तर, बापाची भातशेती. मुलगा बघायला आला तेव्हा माझी मुलगी काहीतरी बोलली आणि तो मोकळेपणी हसला. मला तेवढ्यानेच बरं वाटलं. पण त्याच्या बापाला कंप्यूटरचीच पत्रिका हवी होती. आमची जुनी पत्रिका वाळवीने खाल्लेली. म्हणून मी दुकानातून छापून घेतली, न बघता पाठवली. चार दिवसांनी निरोप आला, नक्षत्र कृत्तिका, मुलाच्या नक्षत्राशी जुळत नाही, राग मानू नये.

मुलगी इडलीचं पीठ दगडावर इतक्या जोराने वाटायला लागली की शेजारीण विचारायला आली, घरात काम काढलंय का.

मी तडक दुकानात शिरलो. “माझ्या मुलीचं नक्षत्र रोहिणी. दर वर्षी वाढदिवस रोहिणीवर धरून तिची आई पायसमची खीर करायची. ती गेल्यापासून मी करतो. तुझ्या मशीनने कृत्तिका कुठून आणली?”

मालक हसला. “राव, कंप्यूटर चुकत नाही. वहिनीच चुकल्या असतील.”

गेलेल्या बायकोची चूक काढणाऱ्याचं मी काय केलं असतं ते सांगत नाही. तिने मध्ये स्टूल सरकवलं. “बसा मामा. कंप्यूटर नाही बोलला, मी बोलले. मीच बघते. तुम्ही दिलेली तारीख कुठल्या वाराची?”

“गुरुवार.”

“वेळ?”

“पहाटेची. कोंबडा आरवायच्या आधी.”

“गुरुवार उजाडायच्या आधी, की शुक्रवार उजाडायच्या?”

“शुक्रवार उजाडायच्या. गुरुवारची रात्र संपत आली होती. सूर्य उगवल्याशिवाय शुक्रवार कसला?”

तिने हातातली पेरूची फोड खाली ठेवली. “मामा, हे मशीन रात्री बाराला वार बदलतं.”

“का? बाराला काय उगवतं?”

“काही नाही.”

“मग?”

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि ती पडद्याकडे बघत बसली. तुमच्या लक्षात आलं असेलच. आमच्या घरांतून वार सूर्योदयाला बदलतो. मी गुरुवारची तारीख सांगितली, मशीनने अख्खा दिवस आधीची पहाट धरली आणि चंद्र एक नक्षत्र मागे राहिला.

“चूक माझी नाही,” मी लगेच सांगून टाकलं. आजही तेच सांगतो.

“नाहीच तुमची. इथे सगळे असंच सांगतात. मशीनने उलटून विचारायला पाहिजे होतं. त्याला विचारायला मी शिकवलं नाही.” जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे पहाटे जन्मलेल्या सगळ्यांचं असंच झालं असणार.”

मालक खुर्चीतून उठला. “आजपासून सुधार. जुनं कोण विचारायला येतंय?”

“लोक त्यावर लग्नं ठरवतायत.”

“तुला प्रोग्रॅम लिहायला ठेवलंय. गावभर फिरायला नाही.”

“लिहिलाय म्हणूनच फिरायचंय.”

“दुकानाचं नाव जाईल, अम्मा.”

“दुकानाचं घेत नाही. माझं घेते.”

तिला काढली तर मशीन चालवणार कोण, हे मालकाला कळत होतं. शेवटी म्हणाला, “सकाळी जा. दुपारी कामावर पाहिजेस.”

त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या. मशीनमधून तिने पहाटेच्या जन्मांचे पत्ते काढले, सुधारलेल्या पत्रिका छापल्या आणि माझ्या ऑटोत बसली. दारात उभी राहून पहिलं वाक्य एकच, “मी चुकले, ते दुरुस्त करायला आलेय.” लोकांना वाटायचं काही विकायला आलीय. दार लागायचं. ती पुन्हा वाजवायची.

पश्चिम वीथीवरच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी नवी पत्रिका चष्मा लावून वाचली आणि परत केली. “जुन्यात परदेशप्रवास आहे. यात नाही. मला जुनीच राहू दे.”

“पण ती तुमची नाही, काका.”

“असू दे. पासपोर्ट काढलाय.”

एका घरी त्या पत्रिकेवर लग्न होऊन गेलेलं. नवीन जोडपं झोपाळ्यावर बसून एका केळ्यावरून भांडत होतं. ती दारातच घुटमळली. पण सांगितलंच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, झोपाळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “हे मोडायचं असतं तर त्यांनीच मोडलं असतं. तू आत ये, कॉफी घे.” कॉफी होईपर्यंत त्यांनी तिची अख्खी चौकशी केली आणि आपल्या भाच्यासाठी तिचीच पत्रिका मागितली. ती म्हणाली, “माझा जन्म भर दुपारचा. चुकायला जागाच नाही.”

एका सकाळी ती बसली आणि म्हणाली, “पापनाशम.”

“गाडी तिकडे जात नाही.”

“का?”

“नाही म्हणालेल्या माणसाच्या दारात मी दुसऱ्यांदा जात नाही.”

“शुक्रवारी ते कुंभकोणमला दुसरी मुलगी बघायला चाललेत. तुमच्या मुलीनेच सांगितलं.”

माझी मुलगी हिला सांगते, मला नाही.

“मामा, तुमचा मान तुमच्यापाशी राहू दे. चूक माझी, सांगायला मी चाललेय. तुम्ही आज नुसते ऑटोवाले.”

हे मला पटलं. ऑटोवाल्याला कुठेही जाता येतं. दोन्ही बाजूंच्या हिरव्या भाताकडे बघत मी गाडी नेली, त्यांच्या घरासमोर कडुलिंबाखाली लावली आणि हँडल धरून सरळ समोर बघत बसलो. ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं.

मुलाच्या बापाने मला ओळखलं. “राव, आत या.”

“मी ड्रायव्हर आहे,” मी म्हणालो.

तिने ओट्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बाराचं आणि सूर्याचं. बाप बराच वेळ सुपारी कातरत राहिला. “कंप्यूटर चुकला म्हणतेस?”

“कंप्यूटर नाही. मी.”

“त्या दिवशी तूच कृत्तिका म्हणालीस. आज तूच रोहिणी म्हणतेस. उद्या काय म्हणशील? पोरी, तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

मला वाटलं, झालं. माझी मुलगी घरी दगडावर वाटत असेल, तिला मी काय सांगणार होतो?

“माझ्यावर ठेवूच नका,” ती म्हणाली. “तुमच्या गावच्या जोशांना बोलवा. पंचांग घेऊन हाताने करू देत.”

जोशी आले ते धावतच. कंप्यूटर आल्यापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी ओट्यावर बैठक मारली, पंचांग उघडलं, बोटांची पेरं मोजली आणि मुद्दाम सावकाश केलं. मध्येच तिला म्हणाले, “तुझं मशीन किती वेळ घेतं?” “कॉफी होईपर्यंत.” “मग माझ्यासाठीही कॉफी सांगा.” ती त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली आणि हे का, ते का, विचारत राहिली. जोशी इतके खुलले की विचारल्याच्या पलीकडचंही शिकवायला लागले.

मुलाची आई माझ्यासाठी पितळी पेला-वाटीतून कॉफी घेऊन कडुलिंबाखाली आली. तिच्यामागे मुलगा. “मामा, घरी सगळे बरे?” त्याने ‘सगळे’ कुणासाठी विचारलं ते मला कळलं. “पीठ वाटतायत,” मी म्हणालो.

ओट्यावरून जोशांचा आवाज आला. “रोहिणी. आणि जुळतं. चांगलं जुळतं.”

बाप उठून अंगणात आला. “राव, आता ड्रायव्हर आत येणार की मुलीचा बाप?”

“गाडीला कुलूप लावून येतो,” मी म्हणालो. ऑटोला कुलूप नसतं. तरी मी जरा वेळ घेतला.

लग्नात ती दोन्ही पंगतींना बसली. जोशांच्या शेजारी बसून वाद घालत जेवली, पुरणपोळी कुणी आग्रह न करता मागून घेतली. पुढे तिला मद्रासला मोठ्या कंपनीत काम मिळालं, तिथून आणखी लांब. स्टेशनवर मीच सोडलं. भाडं घेतलं नाही म्हणून माझ्याशी भांडली, शुद्ध मराठीत. नंतर तिच्या आईवडिलांनीही इथलं घर सोडलं. ती आता कुठे असते ते मला ठाऊक नाही.

मुलीला पहिली मुलगी झाली, पहाटेच. दिवस वर आल्यावर मी दुकानात गेलो. मशीनवर आता मालक स्वतः बसायचा, एका बोटाने टाइप करत. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली. मशीन थांबलं. पडद्यावर एक ओळ आली, जन्म सूर्योदयाआधीचा की नंतरचा, आधीचा असेल तर घरात वार कुठला धरला आहे.

“हे विचारल्याशिवाय पुढेच जात नाही, राव,” मालक म्हणाला. “ती करून गेलीय. मला काढता येत नाही.”

“काढू नकोस.”

ओळीच्या शेवटी पांढरी रेघ लुकलुकत उत्तराची वाट बघत होती. मी खुर्ची पुढे ओढली, टोपी सारखी केली आणि मालकाला नाही, त्या रेघेला सांगितलं, “आधीचा. आणि घरात तेव्हा अजून मंगळवारच होता.”