बघ आणि बाघ

शुक्लादी घरात शिरल्या की मोठ्या माणसांशी बोलतच नसत. पदर खोचून सरळ जमिनीवर बसायच्या, माझ्या नातीला सांगायच्या, "मुक्ता, आमि शुक्ला," आणि मग नुसत्या थांबायच्या. नीट न दिसणाऱ्या मुलांना शिकवणं हेच या बंगाली बाईंचं काम. बराकपूरहून लोकलनं सियालदह स्टेशनला उतरून त्या आधी बाजार करायच्या आणि माशांच्या पिशवीसकट आमच्या शाकाहारी घरात उगवायच्या. परवाच्या थंडीत त्या गेल्या. माझ्या सुनेला अजून त्या पिशवीचा वास येतो म्हणे.

मुक्ता तेव्हा दीड वर्षाची होती. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जन्मतःच बारीक, त्यामुळे दिसायचं अगदी धूसर. मी बोलले की ती दगडासारखी गप्प व्हायची आणि हातात खेळणं दिलं की भिरकावायची. हिला मी आवडतच नाही, या भीतीनं मला घेरलं होतं. मी जेमतेम पंचावन्नची, म्हणजे अक्कल यायची होती. खुळखुळा तिच्या नाकाशी नेऊन मी ओरडायचे, "बघ! बघ!"

पहिल्याच दिवशी शुक्लादी दारातून किंचाळल्या, "बाघ कोथाय, मासीमा?"

"वाघ नाही हो! बघ मतलब देखो."

त्यांनी खुळखुळा माझ्या हातातून काढून घेतला. "इससे तो बाघ अच्छा था."

त्यांच्या हिंदीत सगळं जग पुल्लिंगी. "बच्चा चुप है, माने सुनता है. हिलेगा तो आवाज खो जाएगा."

"फिर खिलौना क्यों फेकती है?" मी हटून विचारलं.

शुक्लादींनी माझ्याच पदरानं माझे डोळे बांधले आणि एक शब्द न बोलता तळहातावर काहीतरी गार, ओलं, बुळबुळीत ठेवलं. मी किंकाळी फोडली. मासा उडून सोफ्याखाली गेला. सून धावत आली.

"मासीमा बहुत जिद्दी है," शुक्लादी गंभीरपणे म्हणाल्या. "खिलौना फेंकता है."

त्यानंतर मला गप्प बसण्याची शिकवणी लागली. उपास परवडला! एका दुपारी मी फक्त म्हणाले, "मुक्ता, मी आजी," आणि तिच्याजवळ बसून राहिले. ती नेहमीसारखी स्तब्ध. बऱ्याच वेळानं एक इवलासा हात आला. बांगड्या चाचपत, कोपरावरून, गळ्यावरून वर चढला आणि दोन बोटं थेट माझ्या तोंडात गेली. दातांची तपासणी सुरू झाली.

मी सुनेला हाक मारणारच होते.

"एकदम चुप, मासीमा," शुक्लादी कुजबुजल्या. "अभी वो आपको देखता है."