नावाआधी जमीन
डोंगरातली जमीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसत होतो, पण कागद नव्हता, म्हणून वनखात्याने आमची झोपडी दोनदा मोडली. घरातली पहिली पदवीधर मी. पुढे शिकायला अमेरिकेत आले. इथल्या आदिवासी जमातीतल्या माझ्या मैत्रिणीच्या लोकांना त्यांचा नदीकाठ परत मिळाला, त्या सोहळ्याला गेले. तिथे प्रत्येकजण नावाआधी आपली जमीन सांगत होता. मी म्हणाले, "जर्सी सिटी."

"ती भाड्याची, पोरी," तिची आजी हसली. "तुझी कुठली?"

मी हेव्याने जळले. बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, यांना मिळाली! आपल्या वनहक्काच्या दाव्याचं काय?"

"पुन्हा फेटाळला. तुझ्या डिग्रीचं काय लोणचं घालू? आता तू लिही."

मी लिहिला. हेवा अजून आहे. त्यांना अख्खा काठ, आम्हाला दोन एकर. पण जमिनीचा पट्टा आला, आई-बाबांच्या नावाने.