काळ्या कप्प्यातल्या गोळ्या

लिसांद्रोस व्रेतास दोनदा खासदार झाले, तरी अंद्रोस बेटावर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. उन्हाळाभर ते जुने शिलालेख उतरवून घेत आणि हिवाळ्यात अथेन्सला जाऊन संसदेत भांडत. यंदा त्यांना निवडून यायचंच होतं. मुलींच्या शाळेचा त्यांचा कायदा अर्ध्यावर अडकला होता आणि तो पुढे नेणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाकीचे खासदार मतदारांच्या पोरांचे धर्मपिता होत. एका बाप्तिस्म्यात अख्खं घराणं बांधलं जाई आणि मग त्यातल्या प्रत्येकाला जकातीत नोकरी हवी असे. मास्तरांना ते पटत नव्हतं. कप्तान झानिस कैरिस नातवासाठी विचारायला आले, तेव्हा मास्तरांनी सरळ सांगितलं, खासदार असेपर्यंत मी कुणाचाही धर्मपिता होणार नाही. कप्तान रागावले नाहीत. शांतपणे कॉफी संपवून गेले.

मतदान चर्चमध्ये होतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि मास्तरांचा तरुण मित्र फोतिस त्यांच्या पेटीपाशी उभा होता. पेटीच्या नळीत हात घालायचा आणि शिशाची गोळी टाकायची, उमेदवार हवा असेल तर पांढऱ्या कप्प्यात, नको असेल तर काळ्या. आत कापड, त्यामुळे आवाज येत नसे. कैरिस घराण्यातला एकेक पुरुष आधी मास्तरांना कडकडून भेटायचा, मग हात घालायचा. फोतिस निर्धास्त झाला.

संध्याकाळी काळा कप्पा उपसता उपसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान मास्तरांच्या दारात हजर. मागे सून, तिच्या कडेवर पोर. फोतिस तिथेच बसला होता. कप्तानांनी बाप्तिस्म्याला वाटतात ते साखर लावलेले बदाम टेबलावर ठेवले.

"झाली तुमची सुटका, मास्तर. आता तरी होता ना धर्मपिता?"

"काळ्यात तुम्ही टाकलीत?" मास्तरांनी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी. अट तुमचीच होती. शब्दाला पक्के तुम्ही, दुसरं काय करणार? पोराला नावही तुमचंच ठेवू."

बेटावर पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव द्यायची रीत होती. म्हातारा तेही सोडायला तयार होता.

"कप्तान, नात झाली असती तर?" मास्तरांनी विचारलं.

कप्तान मनापासून हसले. "नातीसाठी कोण खासदार पाडतं, मास्तर?"

सुनेने मान खाली घातली. मास्तरांनी हात पुढे करून पोर घेतलं. त्याने त्यांची दाढी मुठीत धरली.

रविवारी आणा, मास्तर म्हणाले.

फोतिसने शाळेच्या कायद्याचे कागद टेबलावरून गोळा केले. कुठे ठेवू, असं तो विचारणार होता. पण मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते.