दादाला ठेवून घेतलं नाही

लग्न होऊन भिलाईला निघाले तेव्हा नागपूर स्टेशनवर बसवून द्यायला दादाच आला होता. तो तिथे कॉलेजात शिकत होता. आई आधीच वारली होती, आणि बाबा उमरेडला हातमागावरून उठलेच नाहीत. लेक जाताना पाहवत नाही म्हणाले. दादाने ट्रंक बाकाखाली सरकवली आणि म्हणाला, "पत्र टाकत जाय वं."

दोन वर्षांत त्याचीच पत्रं थांबली. बाबांनी कळवलं, तो चांद्याकडच्या जंगलात बंदूकवाल्यांत गेला. पुढे पोलीस उमरेडच्या घरी येऊ लागले तेव्हा समजलं, दादा त्या भागातला उपप्रमुख झाला होता. प्रमुख लांब असायचा. मुक्काम कुठे करायचा, औषधं कुठून आणायची, फितुराला काय शिक्षा, हे सगळं दादा ठरवायचा. एका गावच्या मास्तरांना त्यांनी खबऱ्या समजून मारलं. खबर देणारा भलताच निघाला.

इकडे मी क्वार्टरमध्ये हिंदी शिकत होते, यांच्या शिफ्टप्रमाणे डबे भरत होते.

एका दुपारी दादा दारात उभा. अंगात ताप होता. दोन दिवस राहू दे म्हणाला. मी ताट वाढलं आणि मास्तरांचं विचारलं.

"हुकूम माहाच होता," तो म्हणाला. "त्याची बायको पाया पडून राहिली होती. मी आयकलं नाही."

माझी मुलगी पाळण्यात झोपली होती. मी म्हटलं, "जेवून घे दादा. पण राहू नको."

तो जेवून उठला. तापाच्या गोळ्या घेतल्या आणि गेला. आठवड्याभरात तो नागपुरात पोलिसांपुढे हजर झाला. माझ्यामुळे की तापामुळे, तो कधी बोलला नाही.

पुढे बाबाही वारले. उमरेडच्या घराला कुलूप आहे. वर्षातून दोनदा मी नागपूरला उतरते ती थेट जेलवर जाते. पहिल्यांदा शिपायाने नातं विचारलं, तेव्हा भिलाईत सगळ्यांना भाऊ नाही असं सांगणारी मी क्षणभर थांबले. मग बहीण म्हणून सही केली.

जाळीपलीकडून दादा आधी मुलीचं विचारतो, मग यांचं, मग मी काय खाऊन निघाले ते. इतकं विचारणारं माणूस जिथे आहे, ते माझं माहेर. मास्तरांच्या घरी आता कोण कोणाची विचारपूस करतं, हे मात्र आम्ही दोघंही बोलत नाही.