त्या नंबरचा मालक

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, जंगलातल्या रात्रंदिवसाच्या मोहिमा, सगळं हळूहळू पुसट होत चाललं आहे. एक साधा मारहाणीचा गुन्हा मात्र अजून पानापानासकट आठवतो.

मी तेव्हा देवरी तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. धानाची रोवणी आटोपत आली होती. सकाळची हजेरी घेऊन स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात चिचगडकडच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, जल्दी या. मोबाईल दुकानवाल्याचं डोस्कं फोडलं. मारणारा पळाला नाही, तिथंच बसून राहिला."

आम्ही पोचलो तोवर जखमीला गोंदियाला हलवलं होतं. दुकानाच्या पायरीवर चाळिशीचा एक शेतकरी बसला होता, बाजूला कुऱ्हाडीचा दांडा. दुसऱ्याची शेती ठेक्याने करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने दांडा माझ्याकडे सरकवला आणि खिशातून एक मोबाईल काढला.

"बायकोचा आहे. तुम्हीच वाचा साहेब."

'बहीण' या नावाने ठेवलेल्या एका नंबरवरून गेल्या वर्षीच्या रोवणीपासून मेसेज येत होते. तिला बहीण नव्हतीच. मी जीपमध्ये बसून वाचले. 'ताप उतरला का? उद्या रोवण्याला जाऊ नको, घरी मी सांगतो.' 'दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून कंबर गेली असेल. जरा पडून राहा.' 'आज हसलीस, बरं वाटलं.' तिची उत्तरंही होती, लहान लहान. 'उतरला. तुम्ही जेवून घ्या.'

"पण हा दुकानवालाच, कशावरून?" मी विचारलं.

"गावात बायांशी गोड बोलणारा तोच एक. अन् हे माही बायको दर महिन्याले त्याच्याकडंच रिचार्ज कराले जाते. मले काऊन नाही सांगत मग?"

पंचनामा केला, गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला, त्याला अटक केली. दुसऱ्या दिवशी जखमीचा जबाब घ्यायला गोंदियाला गेलो. डोक्याला टाके, डाव्या हाताला प्लास्टर. गावभर बोभाटा झाला होता आणि त्याची बायको भावासोबत माहेरी निघून गेली होती. मी आवाज चढवूनच विचारलं, "खरं सांग, तुझा काय संबंध?"

तो रडायला लागला. "साहेब, ते बाई दोन नंबरचा रिचार्ज करून नेते, एवढंच मले माहीत. दुसरा कोणाचा, म्या कधी पुसलं नाही."

माझा विश्वास बसला नाही, हे कबूल करतो.

मग आरोपीच्या बायकोला ठाण्यात बोलावलं. पस्तिशीची असेल. पाय चिखलाने भेगाळलेले. आमच्या महिला हवालदाराने तिला चहा दिला, दोन तास समजावलं. ती एकच वाक्य बोलायची, "दुकानवाल्याचा काही दोष नाही. त्याले कायले मारलं?" नंबर कोणाचा म्हटलं की मान खाली. तिकडे सासरच्यांनी तिला घरात घेणार नसल्याचं पाटलाला कळवून टाकलं होतं.

आरोपी खोटं सांगतो तेव्हा फार बोलतो, असा माझा अनुभव. ही बोलतच नव्हती. त्या नंबरवर फोन लावला तर तो बंद, म्हणून मी त्याचे कॉल डिटेल्स आणि सिमकार्डाचा मूळ अर्ज मागवला. चार दिवसांनी कागद आले. एकही कॉल नाही, नुसते मेसेज, तेही एकाच नंबरला. उन्हाळ्यात ती आठ दिवस माहेरी गेली होती, आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूला. त्या आठ दिवसांत हा नंबरही तिकडच्याच टॉवरवर होता. दुकानदार तेव्हा गाव सोडून कुठे गेला नव्हता. मी अर्जाचं पान उलटलं. त्यावरचा फोटो आमच्या कोठडीतल्या आरोपीचा होता, दहा-बारा वर्षांनी तरुण.

तो कागद मी तिच्यापुढे ठेवला. 

"त्यांचंच सिम आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर ते दोन वर्षं हैदराबादले बांधकामावर होते. त्या नंबरवरून रोज संध्याकाळी बोलत. वापस आले अन् बोलणंच सरलं. मारत नाहीत, पीत नाहीत. नुसतं बोलत नाहीत. याची तक्रार कोणाजवळ करू? तो जुना फोन म्या ठेवून देला होता, सिम बंद पडू नये म्हणून रिचार्जही करत होती. एक दिवस लय ताप होता. त्या फोनवरून मीच मले लिहिलं, ताप उतरला का. फोन वाजला तं जीवाले बरं वाटलं. मंग लिहीतच राहिली."

फोन घरातल्या धान साठवायच्या ढोलीमागे मिळाला. पंचांसमक्ष जप्त केला.

नवऱ्याला हे सांगावं लागेल, असं मी तिला म्हणालो. "सांगा," ती म्हणाली, "पण माह्यासमोर नका सांगू."

त्याला कोठडीतून माझ्या खोलीत आणलं. अर्ज दाखवला, मेसेजच्या प्रती हातात दिल्या. त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"हा नंबर तं मी कधीचाच विसरलो होतो. मी हैदराबादलेही एवढा नव्हतो बोलत साहेब. पाऊस आला का, बरी आहे ना, बस. असा मी कधीच नव्हतो." मग त्याने विचारलं, "तिले ताप कधी आला होता?"

माझ्याकडे तारीख होती. मी सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या महिला हवालदाराला घेऊन दुकानदाराच्या सासुरवाडीला गेली. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराच्या बायकोच्या भावांसमोर, अंगणात उभी राहून तिने सगळं सांगितलं. कोणी हसलं, कोणी येडी म्हणालं. ती बाई पिशवी भरून इस्पितळात जायला निघेपर्यंत ही अंगणातून हलली नाही. मीही त्या दुकानदाराकडे पुन्हा गेलो आणि त्याची माफी मागितली.

आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली आणि घरी आला. ती त्याच घरात राहिली, असं पुढे कळलं. त्यांचं बोलणं सुरू झालं की नाही, मला माहीत नाही. तो माझ्या तपासाचा भाग नव्हता.

या गुन्ह्याने मला कॉल डिटेल्सपलीकडचं एक शिकवलं. नवरा-बायकोच्या तक्रारीत मी आधी 'तिसरा कोण' हे शोधायचो. तिच्या बाबतीत तिसरा कोणी नव्हता. तिला नवराच हवा होता, जरा वेगळा. ते मेसेज पोलीस पाटलाने वाचले, जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरने वाचले, मी तर दोनदा वाचले. ताप विचारणारा, आराम कर म्हणणारा, हसलीस म्हणून बरं वाटलं असं लिहिणारा माणूस. अर्जावरचा फोटो दिसेपर्यंत, हा तिचा नवरा असू शकतो असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. आम्ही सगळे लग्न झालेले होतो.